सांध्याचे दोन बोल्ट

"दोनच ऱ्हायलेत आबा. पाच मिन्टं."

"पाच मिन्टं काय आन् पाच तास काय. हत्यार पूजेला बसायची वेळ झाली. आण तो पाना हिकडं."

बाबालाल मिस्त्री गाडीखालून निम्मे बाहेर आले होते. छातीवर बॅटरी, हातात पाना, कपाळाला ग्रीस. ते आबांकडं बघत होते आणि आबा माझ्या पाटाकडं.

खंडेनवमीची दुपार होती. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळं धुऊन-पुसून झालं होतं, यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. लाल कापड अंथरलेल्या पाटावर मी हातोड्या, कानशी, पकडी ओळीनं मांडत होते. मधली जागा मोकळी होती. ती टॉर्क पान्याची. हातभर लांबीचा पाना. बोल्टाला हवा तेवढा जोर बसला की आतून 'टक्' असा आवाज देतो. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्कशॉप काढलं त्या वर्षी तो घेतला होता. तो मधोमध ठेवल्याशिवाय आमच्याकडं पूजा सुरू होत नाही. आणि पाटावर बसलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईतो कुणी उचलायचं नाही, मग बाहेर आग का लागेना.

"इसरशील उद्या," आबा म्हणाले.

"इसरतोय कसा? खूण केल्याबिगर बोल्ट सोडतोय व्हय मी?" मिस्त्री उठून बसले. "पिवळा ठिपका न्हाई म्हंजे काम बाकी. तीस वर्सं तुमच्याच हाताखाली काढली की."

ही त्यांची पद्धत आबांनीच लावलेली. पाना 'टक्' वाजला की बोल्टाच्या डोक्यावर ब्रशानं पिवळ्या रंगाचा ठिपका. कुणाला विचारायला नको, कुणी सांगायला नको. गाडीखाली शिरायचं, ठिपके बघायचे, बाहेर यायचं.

मिस्त्रींनी पाना फडक्यानं पुसला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. तेवढ्यात झोळीत माझी लेक ठकू रडायला लागली. चार महिन्यांची होती तेव्हा. मी पाना पाटावर ठेवला आणि तिच्याकडं धावले. त्या दोन बोल्टांचं बोलणं माझ्या कानावरून गेलं, एवढंच.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती खरी नव्हती. माझ्या नवऱ्यानं, इंद्रजितनं, परदेशातल्या एका जुन्या रेसच्या गाडीचे फोटो भिंतीला चिकटवून तिची हुबेहूब नक्कल बनवली होती. दोन माणसं बसतील एवढीच, वर छप्पर नाही, अंग फायबरचं, रंग पिकल्या जांभळासारखा. लग्नाआधीपासून करत होता. आत इंजिन मात्र एका छोट्या घरगुती गाडीचं होतं, आठशे सीसीचं. चौकात नेली की पोरं फिदीफिदी हसायची. "दादा, आवाज शिलाई मशीनचा येतोय ओ! ब्लाउज शिवून मिळंल का?" त्यावर तोही हसायचा, पण घरी आल्यावर जेवताना गप्प असायचा.

मग एक दिवस टेम्पोतून ते इंजिन आलं. अपघातात चेपलेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीतून काढलेलं, तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. मला तेव्हा सातवा महिना होता. दोन माणसांनी आणि साखळीनं ते उतरवलं. मला ते जनावर वाटलं, मेलेलं नव्हे, झोपलेलं.

"आता बघ," तो म्हणाला. त्याचे डोळे असे झाले होते की मी म्हणाले, "छान आहे."

सहा-सात महिने ते बसवणं चाललं. इंजिन मोठं, गाडीचं पोट लहान. स्टिअरिंगचा सरळ दांडा इंजिनाच्या आड यायला लागला, म्हणून तो कापून बाजूनं वळवावा लागला. वळणाच्या जागी एक सांधा आला. एकदा चहा घेऊन गेले तर इंद्रजित मला खाली वाकवून, बॅटरी मारून तो सांधा दाखवायला लागला.

"हा बघ. मी वर चाक फिरवलं की खाली टायर फिरतात ते ह्याच्यामुळं. ह्या दोन बोल्टांवर सगळा जीव आहे."

"कुणाचा?"

"माझा," तो हसत म्हणाला. "घाबरलीस?"

"नाही," मी म्हणाले.

दर वेळी मी नाहीच म्हणायचे. पहिल्यांदा ते इंजिन सुरू झालं, शेडचे पत्रे थरथरले आणि झोपलेली ठकू दोन्ही हात वर उडवून दचकली, तेव्हाही नाही. रात्री तो झोपेत हसायचा आणि मी जागी असायचे, तेव्हाही.

पूजा झाली. मधल्या काळात इंद्रजित बाजारातून हार आणि लिंबं घेऊन आला होता. गाडीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, आबांनी आरती म्हटली. मग सगळे बाहेरच्या खोलीत चहाला गेले. मी मागे राहिले, हळदीकुंकवाची वाटी माझ्या हातात होती. थोड्या वेळानं मीही गेले.

ठरलं असं होतं की दसऱ्याला दहा वाजता मिस्त्री येतील, उत्तरपूजा होईल आणि मग गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघेल. पण पहाटे साडेपाचला इंद्रजितनं मला हलवलं.

"उठ. जोतिबाला जाऊन येऊ."

"आत्ता?"

"दहानंतर मुंगीला जागा नसती घाटात. आत्ता मोकळा रस्ता. साडेनऊला परत. आबांची आंघोळ व्हायच्या आत."

"आणि मिस्त्री? त्यांचं काम..."

"झालंय. मी आत्ता सगळी गाडी खालून बघून आलो. एकूण एक बोल्टाला ठिपका आहे." तो ठकूच्या पाळण्यावर वाकला. "गाडीपण पहिल्यांदा देवाला, लेकपण पहिल्यांदा देवाला. दसऱ्यासारखा दिवस. चल की गं."

मी म्हणू शकले असते की तुम्ही जाऊन या. पण मग साडेनऊपर्यंत मला दारात उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा बरोबर असलेलं बरं, असं मला वाटलं. आणि ठकूला तर ठेवणार कुठं, अंगावर पिणारी पोर. असं सगळं तेव्हा बरोबर वाटलं होतं. आज मीच मला त्या दारात अडवलं असतं.

नवी साडी नेसले. ठकूला ओढणीनं छातीशी घट्ट बांधली, वरून शाल घेतली. गाडीत बसले तर रस्ता हातानं शिवता येईल एवढा जवळ. शहर संपेतो तो हळू चालवत होता. पंचगंगेचा पूल गेला, उसाची शेतं लागली, सरळ रस्ता आला आणि त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं.

"देऊ?"

मी मान हलवली. त्यानं पाय दाबला.

मला त्याचं वर्णन करता येणार नाही. पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. ऊस हिरव्या भिंतीसारखा झाला. आवाज कानात नव्हता, दातांत होता. मी ठकूचं डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि जोतिबा, जोतिबा, एवढंच म्हणत राहिले. तो ओरडत होता, "बघितलंस? बघितलंस?" लहान मुलासारखा.

घाट लागल्यावर त्यानं वेग कमी केला. दोन वळणं घेतल्यावर चाक डावी-उजवीकडं जरासं हलवून बघितलं.

"काय झालं?"

"काय नाही. हातात जरा ढिलं लागतंय. नवा सांधा आहे, बसंल."

वर पोचलो तेव्हा ऊन नुकतं पसरत होतं. गाडीभोवती लगेच पोरं जमली.

"नादखुळा! कुठली ओ गाडी?"

"उद्यमनगरची," इंद्रजित ऐटीत म्हणाला.

"फॉरेनची न्हाई?"

"आवाज ऐक आन् तूच सांग कुठली ती."

त्यानं एकदा इंजिन फुरफुरवलं. पोरांनी एका आवाजात "चांगभलं!" केलं. शिलाई मशीनचं कुणी नाव काढलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, उगाच मी इतके महिने जीव टांगून घेतला.

दर्शन झालं. ठकूच्या कपाळाला गुलाल लागला, गाडीच्या नाकालाही. निघताना इंद्रजित खाली वाकला, मोबाइलची बॅटरी लावली आणि हात घालून तो सांधा चाचपून बघितला.

"ठिपके आहेत दोन्हीवर," तो उठत म्हणाला. "बाबालालचा रंग मात्र कच्चा निघाला. बोटाला लागतोय." त्यानं बोट रुमालाला पुसलं, रुमाल माझ्या मांडीवर टाकला आणि गाडी सुरू केली.

उतार लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ठकूनं थोडं दूध बाहेर काढलं म्हणून मी हाताला आला तो रुमाल घेतला आणि तिची हनुवटी पुसणार, तेवढ्यात मला तो पिवळा डाग दिसला. मिस्त्रींचा रंग लिंबाच्या सालीसारखा असतो, चकचकीत. हा डाग मातकट होता. मी रुमाल नाकाशी नेला.

हळद.

आदल्या दिवशी सगळे चहाला गेले तेव्हा मी नव्या गाडीशेजारी फरशीवर आडवी झाले होते. बॅटरी नव्हती, तरी मला जागा पाठ होती. हात आत घालून मी त्या दोन बोल्टांवर हळद टेकवली होती. एकावर, मग दुसऱ्यावर. कुंकू पण लावणार होते, पण बोटाला हळदच होती. ह्याला सांभाळा, एवढंच म्हणाले होते. कुणाला म्हणाले ते मलाही माहीत नाही. देवाला असेल, नाहीतर बोल्टांनाच.

दोनच ऱ्हायलेत आबा.

इंद्रजित बोलत होता, आवाजावर आवाज चढवून, आता पुढच्या महिन्यात मागची चाकं रुंद करायची असं काहीतरी. आमच्या उजव्या हाताला दरी होती. कडेला पांढरे दगड उभे होते, आणि दगडांच्या पलीकडं नुसती हवा. मी ओरडले असते तर तो दचकून चाक फिरवेल असं वाटलं. नाही सांगितलं तर पुढचं वळण येणारच होतं.

"अहो."

"हं?"

"गाडी थांबवा. हळूच. एकदम नको."

"का? ठकूला काय झालं?"

"ठकू बरी आहे. चाक जास्त फिरवू नका. ऐका नुसतं. ते ठिपके मिस्त्रींचे नाहीत."

"म्हणजे?"

"हळद आहे ती. मी लावलीय. काल, पूजेनंतर. ते दोन बोल्ट आवळायचे राहिलेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. हे मला आजही आठवतं; त्याची मान तसूभर हलली नाही. त्यानं चाक बोटभर डावीकडं फिरवलं. गाडी सरळच गेली. अजून बोटभर. मग गाडीनं ऐकलं, पण उशिरा, कुणीतरी हाक मारल्यावर दोन क्षणांनी ओ द्यावी तसं.

"पोरीला धर," तो म्हणाला.

"धरलीय."

"घट्ट धर."

समोर रस्ता डावीकडं वळत होता. त्यानं गिअर खाली आणला, इंजिन गुरगुरलं, ब्रेकवर पाय टेकवला. गाडीचं वजन पुढं आलं आणि खाली कुठंतरी 'कट्' झालं. एवढासा आवाज, सुपारी फुटावी तसा. त्याच्या हातातलं चाक गरगर फिरलं. ताटलीसारखं. ते आता कशालाच जोडलेलं नव्हतं.

त्यानं चाक सोडून दिलं. दोन्ही पाय ब्रेकवर आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक. टायर किंचाळले. पांढरा दगड मोठा मोठा होत आमच्याकडं आला. मी ठकूवर वाकले, पाठ वळवता येईल तेवढी वळवली, डोळे मिटले. माझ्या मनात देवाचं नाव नव्हतं. 'हिची टोपी घरी राहिली' असं काहीतरी होतं.

फायबरचं नाक पापडासारखं कडकन मोडलं. मग काहीच नाही.

डोळे उघडले तर गाडी दगडाला टेकून उभी होती. इंजिन बंद पडलं होतं. दगडाच्या पलीकडं, खूप खाली, एक बाई शेतात वाकून काहीतरी वेचत होती. तिला वर काय झालं याचा पत्ता नव्हता. ठकू जागी होती. रडली नाही. गुलालानं लाल झालेलं कपाळ आठ्या घालून माझ्याकडं बघत होती.

इंद्रजितनं हात लांब करून शालीतून बाहेर आलेला तिचा पाय मुठीत धरला. किती वेळ धरला होता कुणास ठाऊक. त्याच्या मुठीत तो पाय दिसतच नव्हता.

"उतर," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या बाजूनं. हळू."

मी उतरले आणि रस्त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराला पाठ लावून बसले. त्यानं चाकांमागं दगड लावले, खाली हात घातला आणि बाहेर काढला. तळहातावर एक बोल्ट होता. नुसता, हातानं निघालेला. दुसरा रस्त्यात कुठंतरी पडला होता. बोल्टाच्या डोक्यावर हळद अजून होती.

त्यानं मिस्त्रींना फोन लावला. मला वाटलं तो चिडेल. तो एवढंच म्हणाला, "बाबालाल, सांध्याचे बोल्ट आणि पाना घेऊन घाटात या. आम्ही बरे आहोत. तिघंही."

पाऊण तासानं मिस्त्रींची स्कूटर आली. त्यांनी आधी गाडीकडं बघितलंच नाही. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि ठकूला नखशिखान्त न्याहाळलं.

"लागलं न्हाई न्हवं कुठं?"

"नाही मिस्त्री. माझी चूक आहे. मी त्या बोल्टांना हळद..."

"दादानं सांगितलं वाटंवर फोनवर." त्यांचे डोळे भरले होते. "तुमची कसली चूक, वहिनी? मी बोलायला पायजे हुतं दादाला. ठिपका न्हाई म्हंजे काम बाकी, असं म्हनून खुशाल घरी जाऊन झोपलो मी. मानसं काय ठिपक्यावर चालत्यात व्हय?"

त्यांनी पिशवीतून पाना काढला. त्याच्यावर कालचं हळदकुंकू तसंच होतं, झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

"उत्तरपूजा झाली?" इंद्रजितनं विचारलं.

"न्हाई." मिस्त्री गाडीखाली शिरता शिरता थांबले. "आबांनीच उचलून दिला. पाटाला पाय लागला तरी बघितलं न्हाई त्यांनी. म्हनले, पळ."

गाडीखालून दोनदा 'टक्' ऐकू आलं. मिस्त्रींनी इंद्रजितला खाली बोलावून पुन्हा आवळून बघायला लावलं, पुन्हा दोनदा वाजलं. मग त्यांनी ठिपके दिले. मोडलेलं नाक सुतळीनं बांधलं. इंद्रजितनं गाडी रस्त्यावर मागे घेतली, चाक इकडून तिकडं फिरवलं. टायर लगेच वळत होते, अगदी लगेच. तो गाडीत बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. मी समोर ठकूला घेऊन उभी.

"आता काय नाही होणार," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलंय. येतेस?"

मी ठकूला शालीत आवळून घेतलं.

"घाबरलीस?"

तोंडावर नाही आलंच होतं. सवयीनं. ओठांपर्यंत आलं.

"हो," मी म्हणाले.

"आत्ताच्या ह्याच्यामुळं..."

"आत्ताच्या नाही. ते इंजिन टेम्पोतून उतरलं तेव्हापासून. तुम्ही ते सुरू केलंत की मला उलटी येते. रोज. मी ह्या गाडीत बसणार नाही, हिला बसवणार नाही. आणि तुम्हीही आता खाली उतरा."

मिस्त्री लगबगीनं स्कूटरकडं वळले आणि उगाचच तिची सीट पुसायला लागले.

इंद्रजित माझ्याकडं बघत राहिला. जणू मी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलले होते आणि तो मनातल्या मनात ते जुळवत होता. मग त्यानं किल्ली फिरवली. घाटात एकदम शांत झालं.

"मिस्त्री," तो उतरत म्हणाला, "टेम्पो बोलवून घ्या. बांधून नेऊ हिला."

"मी थांबतो हितं. तुम्ही व्हा फुडं. स्कूटर न्या."

"नको. चालतो आम्ही. खाली फाट्यावर मिळंल काहीतरी."

त्यानं ओढणीची गाठ सोडून ठकूला माझ्याकडून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. वर जाणाऱ्या गाड्या आता वाढल्या होत्या, गुलालानं माखलेली माणसं हात हलवून जात होती. आम्ही कडेकडेनं, डोंगराच्या बाजूनं उतरत होतो.

"सहा-सात महिने?" मग त्यानं विचारलं.

"हं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुश होता."

तो चालत राहिला. एका हातानं ठकूची पाठ थोपटत होता, आणि ती झोपून गेली होती तरी थोपटतच होता. एका वळणावर सावली आली तिथं थांबला.

"अजून काय काय बोलली नाहीस?" त्यानं विचारलं.

फाटा अजून तीन-चार किलोमीटर खाली होता. मी सांगायला सुरुवात केली.